मदत हवी आहे: दोन एक्सलच्या जड कॅराव्हॅन ट्रेलरला कोणते टायर घ्यावेत? (ठाणे)

कोलशेत_खाडी:
नमस्कार. ट्रेलर घोडबंदर रोडला उघड्यावर उभा असतो, वर्षातले सात-आठ महिने जागचा हलत नाही. दोन एक्सल, चार चाकं, शिवाय स्टेपनी. एक्सल अमेरिकन बनावटीचे, प्रत्येकी ३५०० पौंडी म्हणजे १५८८ किलोचे. प्लेटवर एकूण वजन ३१७५ किलो.

सध्याचे टायर एसटी (खास ट्रेलरसाठीचे) २०५/७५ आर १४, लोड रेंज (ओझं पेलण्याची श्रेणी) सी, ५० पीएसआयला १७६० पौंड. तारखेचे शेवटचे चार आकडे ३११८. नक्षी जवळजवळ नवी आहे, पण साइडवॉलवर रिमलगत बारीक भेगा आहेत आणि मागच्या डाव्या टायरच्या नक्षीत एका जागी हाताला लागेल असा उंचवटा आलाय.

पुढच्या महिन्यात कसारा घाटातून नाशिक आणि नंतर गोवा महामार्गाने गुहागर असा बेत आहे. टायरवाला म्हणतो, नक्षी आहे तोवर हेच चालवा, नाहीतर एसयूव्हीचे टाका. तोच आकार घ्यावा की मोठा? एसटीच हवेत की पिकअपचे एलटी (लाइट ट्रक) चालतील? हवा किती ठेवायची?

भुईकाटा:
आधी तो उंचवटा. त्या जागी आतला स्टीलचा पट्टा रबरापासून सुटलाय. तो टायर आता गायमुखपर्यंतही नेऊ नका, काढून स्टेपनी लावा. पट्टा सुटलेला टायर फुटतो तेव्हा नुसती हवा जात नाही. नक्षीचा अख्खा पट्टा सोलून निघतो आणि चाकावरचा पत्रा, वायरिंग, पाण्याचा पाइप सगळं फाडतो.

३११८ म्हणजे २०१८ सालचा ३१वा आठवडा. ट्रेलरचा टायर झिजून मरत नाही, वयाने मरतो. गाडीचा टायर रोज फिरतो, त्यामुळे रबरातली संरक्षक द्रव्यं पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या ट्रेलरचा टायर उन्हात आणि ओझ्याखाली एकाच जागी दबून सुकतो. पाचव्या वर्षानंतर दरवर्षी तपासणी आणि सहावं सरलं की पाचही बदलायचे, मग नक्षी कितीही असो.

आता आकाराचा प्रश्न. तुमचे चार टायर मिळून ४ × ७९८ = ३१९२ किलो पेलतात आणि प्लेटवर आहे ३१७५. म्हणजे कारखान्यातून निघतानाच जवळजवळ काही शिल्लक नव्हतं. नवीन काही ठरवायच्या आधी ट्रेलर नेहमीच्या सामानासकट, पाण्याची टाकी भरून भुईकाट्यावर न्या. तुर्भ्याला एपीएमसीच्या बाजूला किंवा कळंबोलीच्या स्टील मार्केटकडे काटे आहेत. जातानाही मागच्या डाव्या जागी स्टेपनीच हवी, आणि तिची तारीखही बघून घ्या.

पिकअप जोडलेली ठेवून फक्त ट्रेलरची चार चाकं काट्यावर घ्या, मग पुढे सरकून फक्त मागचा एक्सल. त्यानंतर ट्रेलर सोडून पूर्ण वजन घ्या, जॉकी व्हीलसकट (पुढच्या टोकाचं आधाराचं छोटं चाक). काट्याभोवतीची जमीन समपातळीत असेल तर एकेका बाजूची चाकं वेगळी तोलता येतात. हे जरूर करा, कारण सरासरी इथे फसवते. काट्याचा टप्पा १० किलोचा असेल तर प्रत्येक आकड्यात तेवढी चूक धरा.

पाना_टॉर्क:
एसयूव्हीचे टायर नकोत. कारच्या वर्गातला टायर ट्रेलरला लावायचा झाला तर त्याची क्षमता १.१ ने भागून धरतात. लोड इंडेक्स १०० म्हणजे ८०० किलो, तो झाला ७२७. शिवाय त्याची साइडवॉल मऊ. दोन एक्सलचा ट्रेलर सोसायटीच्या गेटात आखूड वळवला की चाकं वळत नाहीत, आडवी फरफटतात. ते सगळं साइडवॉल आणि पट्ट्यावर येतं. मऊ टायरवर ट्रेलर शेपटी हलवल्यासारखा डोलतोही.

एलटी किंवा सी (व्यावसायिक) वर्गाचा रेडियल चालेल. नायलॉन (तिरप्या थरांचे) आणि रेडियल एका ट्रेलरवर मिसळू नका. रिमोल्ड (जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेला) तर नकोच. टायरवर आयएसआय चिन्ह पाहा, व्यावसायिक वाहनांच्या टायरचं मानक आयएस १५६३६. बाहेरून आणलेल्या एसटी टायरवर हे चिन्ह नसेल तर घेऊ नका.

कोलशेत_खाडी:
स्टेपनी टाकून काटा करून आलो. स्टेपनीचे आकडेही ३११८च, भेगा नाहीत. जोडलेल्या स्थितीत चार चाकांवर २८०० किलो. पुढचा एक्सल १३३० (डावं ६९०, उजवं ६४०). मागचा १४७० (डावं ८००, उजवं ६७०). सोडून पूर्ण वजन ३१४०. रिमच्या मागे १८७० असा आकडा कोरलाय, हवेचा आकडा कुठेच नाही.

भुईकाटा:
उत्तर याच आकड्यांत आहे. २८०० भागिले ४ म्हणजे ७००, टायर ७९८ चा, असं वाटतं की शंभर किलो शिल्लक आहेत. प्रत्यक्षात मागचं डावं चाक काठोकाठ भरलंय, आणि उंचवटा त्याच टायरला आला. पाण्याची टाकी, बॅटरी, ओटा बहुधा त्याच बाजूला असणार. हिचवर (पिकअपच्या जोडणीवर) ३१४० वजा २८०० म्हणजे ३४० किलो येतात, एकूण वजनाच्या जवळपास ११ टक्के. हे ठीक आहे, १० च्या खाली जाऊ देऊ नका.

आधी सामान हलवा. शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो, ती अर्धी करून निघा. हत्यारांची पेटी आणि सिलिंडर उजवीकडे, पुढच्या एक्सलच्या वर. मागचं डावं ७५० च्या आत आलं पाहिजे.

टायर निवडताना सगळ्यात जड चाकावर १५ टक्के तरी मोकळे ठेवा. त्याच आकारात लोड रेंज डी आहे: ६५ पीएसआय, ९२५ किलो, इंडेक्स १०५. किंवा १९५ आर १४ सी, ८ पीआर (प्लाय रेटिंग, मजबुतीचा आकडा), इंडेक्स १०६/१०४. यातला पहिला आकडा एकेरी चाकाचा (९५० किलो), दुसरा जोडचाकाचा (एक्सलच्या एकाच टोकाला शेजारी-शेजारी दोन चाकं). तुमची चाकं एकेरीच आहेत, कोणी जोडचाक म्हणून दुसरा आकडा सांगितला तर ऐकू नका.

पाना_टॉर्क:
इथे रिम आडवी येते. १८७० पौंड म्हणजे ८४८ किलो. त्यावर ९५० चा टायर चढवला तरी चाक ८४८ चंच राहतं. आणि ५० वरून ६५ पीएसआयला जाताना रिमला ती हवा चालते हे लेखी कळलं पाहिजे. आकडा नसेल तर मी रिमच बदलेन: १४ इंची, ५ बोल्ट, ११४.३ मिमी पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास), निदान २२०० पौंडी. पीसीडी, मधलं भोक आणि ऑफसेट (बसायची बाजू रिमच्या मध्यापासून किती सरकलेली) तिन्ही जुन्या रिमवरून मोजून न्या, नुसतं ‘पाच बोल्टची’ म्हणून आणू नका.

१५ इंची रिम आणि १९५ आर १५ एलटी सहज मिळतील, पण व्यास सुमारे ६६ वरून ७० सेंटिमीटरच्या आसपास जातो. दोन टायरमधली फट तेवढीच कमी होते, वरच्या पत्र्याशी अंतर निम्म्याने. स्प्रिंग पूर्ण दबल्यावर टायर पत्र्याला लागतो का, हे मोजल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

व्हॉल्व्हही बदला. साधा रबरी टीआर ४१३ हा ६५ पीएसआयपर्यंतच. उन्हात चालून हवा त्यावर जाणार. नटाने आवळायचा धातूचा व्हॉल्व्ह घाला.

नट अर्धा इंची असतील तर १२२ ते १६३ न्यूटन मीटर, एकाआड एक, तीन टप्प्यांत. एअर गनने थेट आवळू देऊ नका. मग १६, ४० आणि ८० किलोमीटरला पुन्हा टॉर्क पाना लावा. नवी रिम बसते तसे नट सैल पडतात, चाक निघून जाण्याचं हेच नेहमीचं कारण.

माजिवडा_नाका:
हवेबद्दल. ट्रेलरला साइडवॉलवरची कमाल हवा, टायर थंड असताना, म्हणजे पहाटे निघायच्या आधी. तापमान ५-६ अंश वाढलं की एक-दीड पीएसआय वाढतो, कसाऱ्याच्या चढानंतर ७२-७३ दिसलं तर हवा सोडू नका. उलट एकाच चाकाची इतरांपेक्षा जास्त वाढली तर थांबून बेअरिंग आणि ब्रेक बघा. १०० पीएसआयपर्यंतचा स्वतःचा गेज ठेवा. टीपीएमएस (चालत्या टायरची हवा दाखवणारी यंत्रणा) लावाच: दोन एक्सलमध्ये एक टायर बसला तरी पिकअपमध्ये जाणवत नाही, आणि तेवढ्या वेळात शेजारचा टायर दुप्पट ओझं ओढून आतून मरतो. म्हणून एक फुटला की त्या बाजूचा दुसराही उतरवून आतून तपासा.

वेग ८० च्या आत. जुन्या एसटी टायरवर वेगाचं अक्षर नसेल तर तो १०५ किमीचाच धरतात.

पावसाळ्यात उभा करताना चाकाखाली जाड फळ्या, टायरच्या रुंदीपेक्षा मोठ्या. कडा बाहेर लोंबली की तिथला पट्टा वाकतो. चाकांवर पांढरं कव्हर, हवा पूर्ण. टायर चमकवायचं तेलकट पॉलिश लावू नका.

कोलशेत_खाडी:
मग १४ इंची २२०० ची रिम, १०६/१०४ चे पाच टायर, धातूचे व्हॉल्व्ह. दुकानात जुना साठा दिला तर?

भुईकाटा:
पाचही टायरचे चार आकडे बसवण्याआधी स्वतः वाचा. तारीख बहुधा एकाच बाजूला असते, ती बाजू बाहेर ठेवून बसवायला सांगा. सहा महिन्यांपेक्षा जुना असेल तर परत करा, आणि पाचही शक्यतो एकाच महिन्याचे मागा. जुन्यातला एकही स्टेपनी म्हणून ठेवू नका. बसवून झाल्यावर टाकी अर्धी करून एकदा पुन्हा काट्यावर जा, मागचं डावं चाक ७५० च्या आत आलं का ते इथे लिहा.