डिझाइन बाय कॉन्ट्रॅक्ट: अट नक्की कुणी तपासायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा प्लीज, टीममध्ये यावरून बरेच दिवस वाद चाललाय आणि मला खरंच सुटत नाहीये.

पायथनमधला प्रोजेक्ट आहे, गोदामातला स्टॉक ऑर्डरप्रमाणे रिझर्व्ह करायचा आणि ऑर्डर कॅन्सल झाली की सोडायचा. आम्ही ठरवलं की महत्त्वाच्या प्रत्येक मेथडला कॉन्ट्रॅक्ट लिहायचं, म्हणजे आत येताना काय खरं असलं पाहिजे ती प्रीकंडिशन, बाहेर पडताना काय खरं असेल ती पोस्टकंडिशन, आणि क्लासचा इनव्हेरिअंट, म्हणजे कायम खरी राहिली पाहिजे अशी अट. आमचा इनव्हेरिअंट साधा आहे, शिल्लक अधिक रिझर्व्ह केलेले बरोबर एकूण नग. हे नुसतं लिहून काढतानाच दोन जुने बग सापडले, त्यामुळे मला ही पद्धत मनापासून पटलीये.

घोळ पुढे झाला. सगळं असर्टने (अट खोटी निघाली की प्रोग्रॅम तिथेच थांबवणारी ओळ) लिहिलं होतं आणि प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या वापरातल्या सर्व्हरवर, पायथन डॅश कॅपिटल ओ (-O) देऊन चालू होत होता, त्यात असर्ट काढूनच टाकले जातात. त्यातून एका असर्टच्या आतच रांगेतून ऑर्डर काढायचा कॉल लिहिलेला, म्हणजे आमच्या मशीनवर ऑर्डर रांगेतून निघायची आणि प्रॉडक्शनवर ती तिथेच राहायची, आणि तीच ऑर्डर परत परत रिझर्व्ह व्हायची. शोधायला दोन दिवस गेले. तेव्हापासून सिनिअर म्हणतात असर्ट बंद, सगळीकडे इफ लावून एक्सेप्शन फेका. आता तीच तपासणी एपीआयमध्ये (बाहेरची विनंती जिथे आत येते तिथे), सर्व्हिसमध्ये आणि मॉडेलमध्ये, तिन्हीकडे आहे, मागच्या महिन्यात एकीकडे नियम बदलला आणि दोन ठिकाणी जुनाच राहिला.

बर्ट्रांड मेयर यांनी १९८६ च्या सुमारास आयफेल भाषेबरोबर ही कल्पना मांडली तेव्हा नेमकं उलटं म्हटलं होतं ना, की प्रीकंडिशन पाळणं ही कॉल करणाऱ्याची जबाबदारी, आतल्या मेथडने तेच परत तपासत बसायचं नाही? मग युजरने उणे पाच नग टाकले तर ते कॉन्ट्रॅक्ट मोडणं झालं का?

दुसरं, नाशवंत मालासाठी मूळ क्लासवरून सबक्लास केलाय, त्याच्या रिझर्व्ह मेथडला मुदत संपायची तारीख लागतेच. सगळ्या मालावरून लूप फिरवणारा जुना कोड तिथे आपटतो.

आणि तिसरं, "शिल्लक पुरेशी आहे" ही प्रीकंडिशन कॉल करणाऱ्याने तपासली, खरी निघाली, आणि तेवढ्यात दुसऱ्या प्रोसेसने शेवटचा नग उचलला. आता चूक कुणाची?

सिनिअरांचं म्हणणं, अटी डॉक्युमेंटमध्ये लिहा, पुरे. मला ते पटत नाही. ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेटचं पहिलंच उड्डाण चाळीसेक सेकंदांत संपलं, कारण एरियान ४ मधून जसाच्या तसा घेतलेला कोड ६४ बिटची फ्लोट संख्या १६ बिटच्या पूर्णांकात बसवायला गेला. जुन्या रॉकेटच्या मार्गावर ती संख्या तेवढी मोठी होतच नव्हती, पण ही अट त्या कोडच्या शेजारी कुठेच लिहिलेली नव्हती.

प्रतिसाद

तिसऱ्यापासून सुरू करतो कारण खरी गाठ तिथे आहे. कॉल करणाऱ्याला ज्याची खात्री देताच येत नाही ती प्रीकंडिशन होऊ शकत नाही. नग शून्यापेक्षा जास्त, हे तो खात्रीने सांगू शकतो. शिल्लक पुरेशी, हे नाही. म्हणून ती अट पोस्टकंडिशनमध्ये न्या: एकतर सगळे नग रिझर्व्ह झाले आणि शिल्लक तेवढीच कमी झाली, नाहीतर "झालं नाही" असं उत्तर मिळालं आणि काहीच बदललं नाही. तपासणं आणि कमी करणं एकाच डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होतं नाहीतर काहीच होत नाही), लॉक घेऊन, म्हणजे मध्ये दुसरी प्रोसेस घुसणार नाही. खुद्द मेयर यांनीही पुढे कॉन्करंट आयफेलमध्ये (एकाच वेळी अनेक कामं चालवणाऱ्या आयफेलमध्ये) अशा प्रीकंडिशनचा अर्थ बदलला, अट खरी होईपर्यंत थांबायचं असा.

युजरची चूक म्हणजे बग नाही. ती एपीआयच्या दारातच तपासा, नीट एरर द्या, आणि आत जाताना साधा पूर्णांक न पाठवता नगसंख्येचा वेगळा टाइप करून पाठवा जो चुकीच्या आकड्याने बनतच नाही. मग उरलेल्या दोन जागच्या तपासण्या आपोआप गळून पडतील.

सबक्लासला प्रीकंडिशन सैल करता येते, कडक करता येत नाही, पोस्टकंडिशनचं बरोबर उलट. तारीख रिझर्व्ह करताना मागू नका, माल गोदामात येतो तेव्हा बॅचच्या कन्स्ट्रक्टरमध्येच, म्हणजे बॅचची नोंद तयार होतानाच, घ्या.

असर्टला मात्र दोष देऊ नका. असर्ट पुसला तरी प्रोग्रॅमचं वागणं बदलता कामा नये, एवढा एकच नियम कोड रिव्ह्यूत पाळा.

मूळ धागाकर्ता

खूप आभार! तारीख बॅचमध्ये हलवली, सबक्लासच उडाला. शिल्लकेचंही तसंच केलं आणि दोन प्रोसेस एकाच नगावर सोडून टेस्ट लिहिली, पास होतेय.

आता एकच अडलंय. पोस्टकंडिशनला जुनी शिल्लक लागते, आयफेलमध्ये त्यासाठी ओल्ड हा शब्द आहे, पायथनमध्ये आयकॉन्ट्रॅक्ट लायब्ररीत स्नॅपशॉट मिळतो म्हणून ती लावून बघितली. पण तिचे कॉन्ट्रॅक्टही डॅश ओ दिलं की बाय डीफॉल्ट बंदच होतात. पैसे आणि स्टॉकला हात लावणाऱ्या पाचसहा मेथडींवर ते मुद्दाम चालू ठेवावेत असं माझं मत झालंय, स्नॅपशॉटमध्ये फक्त दोन आकडे असतात त्यामुळे खर्च फार वाटत नाही. कुणी प्रॉडक्शनवर असं चालवलंय का, आणि तिथे पोस्टकंडिशन मोडली तर तुम्ही ट्रान्झॅक्शन रोलबॅक करता (केलेले बदल मागे घेता) की नुसता लॉग टाकून पुढे जाता?