शेजाऱ्यांचे कचऱ्याचे डबे : अनुभव धागा

कचऱ्याची गाडी येऊन गेली, डबा रिकामा झाला, आणि तो तसाच दोन-तीन दिवस रस्त्याच्या कडेला उभा. अमेरिकेत राहणाऱ्या बऱ्याच जणांना हे रोजचं आहे. भारतातली मंडळी म्हणतील, आमच्याकडे रस्ता नाही, जिना आहे. डबा शेजाऱ्याचा आणि वास आमच्या हॉलमध्ये. भांडण एकाच जातीचं. परवा मैत्रिणींच्या ग्रुपवर या विषयावर जी काही रणधुमाळी झाली, त्यावरून वाटलं की एकदा सगळं एका ठिकाणी यावं. सल्ले कमी द्या, काय केलंत आणि पुढे काय झालं ते लिहा. सुरुवात माझ्यापासून.

न्यू जर्सी

आमचे डबे ९६ गॅलनचे, म्हणजे साधारण ३६० लिटरचे. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना वाटलं पाण्याची टाकीच आहे. गाडीला यांत्रिक हात असतो, ड्रायव्हर खाली उतरत नाही. त्यामुळे डब्याची चाकं घराकडे, झाकण रस्त्याकडे आणि दोन डब्यांत हातभर अंतर, असं ठेवावं लागतं. शेजारी डबा आमच्या पोस्टाच्या पेटीला चिकटून ठेवायचा. गाडीचा हात तिथे पोचायचा नाही, डबा भरलेलाच राहायचा आणि पुढच्या आठवड्यापर्यंत त्याचा वास आम्ही घ्यायचा.

एचओएकडे, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेकडे, तक्रार करता आली असती. नवरा म्हणाला, नको, समोरासमोर राहायचंय. मग तोच आपला डबा आत घेताना शेजाऱ्याचाही ओढून त्याच्या गॅरेजशी लावू लागला. वाटलं, माणूस ओशाळेल आणि सुधारेल. कसलं काय! त्याने हसून हात केला, थँक्यू म्हणाला आणि डबा ओढणं कायमचं बंद केलं. तो रात्रपाळी करतो, सकाळी झोपलेला असतो, गाडी सकाळी येते. उन्हाळ्यात आम्ही भारतात गेलो तेव्हा आमचे डबे महिनाभर त्याने बाहेर काढले आणि आत घेतले. आता बोलायची सोयच उरली नाही.

क्वीन्स, न्यूयॉर्क

तुमच्याकडे निदान ड्राइव्ह वे तरी आहे. आमची एकाला एक चिकटलेली घरं, पुढे चार पावलांचं अंगण. पूर्वी इथे काळ्या पिशव्या थेट फुटपाथवर ठेवायचे आणि रात्री उंदरांची जत्रा भरायची. १ एप्रिल २०२३ पासून वेळा बदलल्या: झाकणाच्या डब्यात असेल तर संध्याकाळी ६ नंतर, नुसती पिशवी असेल तर ८ नंतर. १२ नोव्हेंबर २०२४ पासून नऊपर्यंत बिऱ्हाडं असलेल्या इमारतींना डबाच सक्तीचा झाला. चांगलंच झालं. पण आता रिकामे डबे ठेवायचे कुठे?

शेजारचे गृहस्थ फुटपाथवरच ठेवतात. वारा सुटला की डबे आडवे होतात, आणि उतार आमच्या बाजूला. इथला नियम असा की आपल्या घरापुढचा फुटपाथ आणि त्यापुढे रस्त्यातला दीड फूट भाग घरमालकाने साफ ठेवायचा. कचरा कुणाचा हे कुणी विचारत नाही, दंडाची चिठ्ठी ज्याच्या दारात कचरा त्याला. मी त्यांना चिठ्ठी दाखवली. ते म्हणाले, "वाऱ्याला मी काय करणार?" दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून हुकवाली लवचीक दोरी आणली आणि त्यांचे डबे त्यांच्याच कुंपणाला बांधले. महागड्या वकिलाने जे झालं नसतं ते त्या दोरीने झालं.

कोथरूड, पुणे

आमची बिनलिफ्टची चार मजली जुनी सोसायटी. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई सकाळी नऊच्या सुमाराला दारोदार येऊन कचरा नेतात. आमच्या मजल्यावरचे दोघंही आठला ऑफिसला निघतात, म्हणून रात्रीच डबा दाराबाहेर. रात्री मांजर येणार, डबा पाडणार, भाताची पेज आणि कलिंगडाच्या सालींचं पाणी जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून आमच्या पायपुसण्यापर्यंत येणार. मी एकदा वहिनींना म्हटलं, "अहो, झाकणाचा डबा तरी घ्या." त्या म्हणाल्या, "काकू, सकाळपर्यंतच तर असतो." सकाळपर्यंत! झुरळांना तेवढं पुरतं.

सेक्रेटरींनी सूचना लावली, कुणीतरी तिच्यावर पेनाने उत्तर लिहिलं, त्याच्याखाली आणखी कुणीतरी. तो कागद बरेच दिवस करमणुकीसाठी ठेवला होता.

शेवटी ठरलं की नऊला जे घरी नसतात त्यांनी जाताना कचरा खाली पार्किंगमधल्या दोन पिंपांत टाकायचा, हिरव्यात ओला, निळ्यात सुका. तिसऱ्या मजल्याचं भांडण मिटलं आणि तळमजल्यावर सुरू झालं. तळमजल्याच्या आजोबांच्या बेडरूमची खिडकी नेमकी पिंपांवर उघडते. आजोबा आता खुर्ची टाकून बसतात आणि कोण हिरव्यात दुधाची पिशवी टाकतं ते नावानिशी सांगतात. वर्गीकरण मात्र एकदम सुधारलं. सरकारच्या २०१६च्या घनकचरा नियमांतच ओला-सुका वेगळा करा असं होतं, आमच्याकडे ते आजोबांनी लागू केलं. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, हेही आता बहुतेकजण करतात. ताईंनी ते एकदा जिन्यातच सगळ्यांना खडसावून सांगितलं होतं: "मला हातानं उचलावं लागतं, कळू द्या त्यात काय आहे."

नाशिक

आमच्याकडे डबा बाहेर ठेवायचा प्रश्नच नाही, ठेवला तर डबाच जातो. घंटागाडीचा आवाज आला की पळायचं. शेजारच्या काका-काकूंना पळवत नाही, म्हणून गल्लीतली मुलं त्यांची बादली नेतात. तक्रार एवढीच की मुलं शाळेत असताना गाडी आली की काकू बादली आमच्या फाटकाला अडकवतात. न सांगता. चालायचंच.

श्टुटगार्टजवळ, जर्मनी

इथे डबा बाहेर राहिला म्हणून कुणी चार दिवस वाट बघत नाही, दुपारीच बेल वाजते. उरलेल्या कचऱ्याचा वेगळा, कागदाचा वेगळा, ओल्याचा वेगळा, प्लास्टिकच्या वेष्टनांसाठी पिवळी पिशवी; आणि कोणत्या तारखेला काय बाहेर काढायचं त्याचं वर्षाचं कॅलेंडर. शिवाय आमच्या इमारतीत 'केरवोखं' आहे: ज्यांची पाळी त्यांच्या दारावर पाटी लटकते, मग त्या आठवड्यात जिना झाडणं त्यांच्याकडे. आमच्याकडे त्यातच सगळ्यांचे डबे आत घेणंही येतं.

खालच्या मजल्यावरच्या आजींनी एकदा ओल्याच्या डब्यातून प्लास्टिकची पिशवी काढून, धुऊन, वाळवून आमच्या दाराच्या मुठीला अडकवली. आतल्या कोथिंबिरीच्या देठांवरून त्यांनी ओळखलं म्हणे. तेव्हा राग आला होता. पण खरं सांगू, पुण्यातल्या माझ्या सोसायटीत या आजी हव्या होत्या.

इसाक्वा, वॉशिंग्टन राज्य

आमच्याकडे अस्वलं येतात, थट्टा नाही. पलीकडचं कुटुंब नवीन होतं, आदल्या रात्रीच भरलेला डबा बाहेर. सकाळी बघतो तर त्यांच्या पिझ्झाचे खोके आमच्या हिरवळीवर आणि डब्याच्या झाकणावर पंज्याचे ओरखडे. अस्वलाच्या भागात डबा गाडीच्या दिवशी सकाळीच काढावा असं सांगतात. पण गाडी सातला येणार म्हटल्यावर किती जण सहाला उठतात? आम्ही उठतो. ते अजून आदल्या रात्रीच काढतात, फक्त आता झाकणाला कुलूपपट्टी आहे.

डॅलसजवळ, टेक्सस

मीच तो शेजारी. तुम्ही सगळे ज्याच्याबद्दल लिहिताय तो. सोमवार ते गुरुवार मी कामासाठी दुसऱ्या शहरात असतो, गाडी मंगळवारी. म्हणजे डबा रविवारी रात्री बाहेर, शुक्रवारी आत. एकटा माणूस, किती कचरा होणार? पण दोन आठवडे ठेवला तर टेक्ससच्या उन्हाळ्यात गॅरेजमध्ये पाय टाकवत नाही.

आजवर एकाही शेजाऱ्याने दार वाजवून विचारलं नाही की बाबा, तुझं काय आहे. थेट एचओएचं पत्र, सोबत माझ्या डब्याचा रंगीत फोटो. नंतर समोरच्या घरातल्या शाळकरी मुलाशी ठरवलं, आठवड्याला पाच डॉलर, मंगळवारी शाळेतून आला की डबा आत. व्यवस्थित चाललंय. परीक्षा असली तर त्याची बहीण येते आणि ती सहा घेते.

तरी गेल्या महिन्यात पुन्हा पत्र. फोटो नीट मोठा करून पाहिला तर डब्यावरचा घर क्रमांक शेजारच्यांचा. त्यांच्याकडे मी काही बोललो नाही. एचओएला दोन ओळींचं उत्तर आणि तोच फोटो परत पाठवलाय, क्रमांकाभोवती गोल काढून.