मदत हवी आहे : लॅब्राडोर जमिनीवरून वस्तू आणतो, पाण्यातून मात्र आणत नाही (बडोदे)

रावपुराकर
नमस्कार. आमचा लॅब्राडोर मोती जमिनीवर टाकलेली कोणतीही वस्तू धावत जाऊन आणतो, परंतु तीच वस्तू पाण्यात टाकली की काठावर उभा राहतो, पुढचे दोन पाय ओले करतो, भुंकतो आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहतो. ही जात पाण्यासाठीच प्रसिद्ध आहे म्हणून आम्ही मुद्दाम ती निवडली. घरी बादली भरली की तो तिच्यात तोंड घालून खेळतो, तेव्हा त्याला पाण्याचे वावडे आहे असेही म्हणता येत नाही. खाऊ दाखवून झाला, हाका मारून झाल्या, रागावूनही झाले. दिवाळीनंतर पाणी गार होऊ लागेल, त्याआधी त्याने आनंदाने पाण्यात शिरून वस्तू आणावी अशी माझी इच्छा आहे. ज्यांना खात्रीचा उपाय ठाऊक असेल त्यांनी तो नेमकेपणाने सांगावा, कारण सर्वसाधारण सल्ले मी पुष्कळ वाचले आहेत.

मांजलपूरची वसुधा
नेमका उपाय हवा असेल तर नेमकी माहितीही द्यावी लागेल. मोतीचे वय काय, तुम्ही त्याला कोणत्या पाण्यावर नेता, तिथला काठ उतरता आहे की एकदम खोल, आणि तुम्ही टाकता ती वस्तू कोणती, हे कळल्याशिवाय कोणी काहीही सांगितले तरी तो अंदाजच ठरेल.

देवगडचा नाना
लॅब्राडोरचे मूळ कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावर आहे. तिथल्या कोळ्यांबरोबर होड्यांतून जाणारी, गळातून सुटलेले मासे आणि जाळ्यांचे दोर गार समुद्रातून ओढून आणणारी कुत्री हे या जातीचे पूर्वज. पुढे इंग्लंडात शिकारीसाठी त्यांची जोपासना झाली आणि १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने जातीला मान्यता दिली. बोटांमधले पडदे, पाणी न धरणारी दुहेरी केसाळ कातडी आणि सुकाणूसारखी जाड शेपटी त्याला जन्मतःच मिळालेली आहे. तेव्हा शिकवण्याच्या मागे फार लागू नका, एके दिवशी तो आपणहून उतरेल.

मांजलपूरची वसुधा
नाना, इतिहास तुम्ही योग्य सांगितलात, पण पोहता येण्याजोगे शरीर असणे वेगळे आणि पाण्यात शिरण्याचा विश्वास असणे वेगळे. अंगणात नुसतेच वाढलेले पाण्याला बिचकणारे लॅब्राडोर मी पाहिले आहेत. शरीर वारशाने मिळते, विश्वास मात्र पहिल्या काही अनुभवांवरच ठरतो.

फतेगंजचा मिलिंद
आमच्याकडे गोल्डन रिट्रीव्हर आहे, म्हणजे लॅब्राडोरसारखीच वस्तू आणून देणारी जात. तीही अगदी अशीच काठावर थांबत असे. मित्राचा पोहण्यात तरबेज असलेला मोठा कुत्रा बरोबर नेला आणि त्याच्या मागोमाग ती न कळत पाण्यात गेली. माझ्या मते दुसरा कुत्रा हा एकच खरा उपाय आहे, बाकी सारी धडपड वाया जाते.

रावपुराकर
ओळखीत पोहणारा कुत्रा नाही, त्यामुळे तो उपाय माझ्या कामाचा नाही. मोती आठ महिन्यांचा आहे. वाघोडिया रस्त्यापलीकडे एक गावतळे आहे, तिथे दगडी पायऱ्या आहेत आणि आम्ही त्या पायऱ्यांवरूनच टेनिसचा चेंडू टाकतो, कधी काठी टाकतो. वयाचा आणि तळ्याचा याच्याशी काय संबंध आहे ते मला अजूनही समजलेले नाही.

विश्वामित्रीकाठी
तळ्याचा संबंध फार मोठा आहे आणि तो आधी ध्यानात घ्यावा, अशी कळकळीची विनंती. तुमच्या तळ्यात मगर आहे असे माझे म्हणणे नाही. पण आपल्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत, आजव्याच्या सरोवरात आहेत, आणि पावसाळ्यात पाणी पसरले की त्या नाल्यांतून नि शेतांतून दुसऱ्या पाण्याकडे जातात. २०२४ च्या ऑगस्टमधील पुरात शहरातल्या वस्त्यांमधून वनविभागाला आणि स्वयंसेवकांना मगरी पकडून न्याव्या लागल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पाण्याखालची मगर दीर्घकाळ हालचाल न करता राहते आणि वर दिसतात त्या फक्त नाकपुड्या आणि डोळे. तोंडात वस्तू धरून सावकाश पोहणारे कुत्रे तिला सहज सापडणारे भक्ष्य आहे. गावातल्या जाणत्या माणसांना आणि वनखात्याला विचारल्याशिवाय कुत्र्याला तिथे उतरवू नका.

फतेगंजचा मिलिंद
अशा तळ्यांवर गावकरी रोज कपडे धुतात, गुरे पाणी पितात. मगर असती तर गोष्ट साऱ्या पंचक्रोशीत झाली असती. विनाकारण घाबरवू नये.

विश्वामित्रीकाठी
मगरी आणि माणसे एकमेकांशेजारी राहणारी गावे आपल्या गुजरातेत आहेत, आणि तिथल्या लोकांना कोणत्या काठाला कधी जायचे नाही हे ठाऊक असते. कुत्र्याला ते ठाऊक नसते. गुरे काठावर उभी राहून पाणी पितात, तर हा मधोमध जाऊन परत येणार आहे. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

संपदा (पशुवैद्य)
रावपुराकर, मला तीन गोष्टी सांगाल का? मोती कान खाजवतो किंवा डोके झटकतो का, कानांना वास येतो का, आणि पाण्याच्या बाबतीत पूर्वी कधी काही घडले होते का? लॅब्राडोरचे कान लोंबते असल्यामुळे आत ओल राहून संसर्ग होतो, आणि दुखरा कान असलेला कुत्रा पाण्यापासून दूर राहिला तर ती त्याची भीती नव्हे, वेदना असते.

रावपुराकर
कान स्वच्छ आहेत, वास नाही. पूर्वीचे म्हणाल तर एक प्रसंग आहे. तो साधारण पाच महिन्यांचा असताना आम्ही एक प्रशिक्षक लावले होते. त्यांनी त्याच तळ्यावर मोतीला उचलून पायऱ्यांवरून पाण्यात टाकले. रिट्रीव्हर असाच शिकतो, असे त्यांचे म्हणणे होते. मोती पुढचे पाय वर आपटत कसाबसा पायरीला लागला आणि नंतर बराच वेळ थरथरत होता. आम्ही त्यांचे येणे त्याच दिवशी बंद केले. पण या गोष्टीला आता कितीतरी महिने होऊन गेले आहेत.

मांजलपूरची वसुधा
मग तुमच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. महिने गेले हे आपण मोजतो, मोतीच्या मनात त्या पायऱ्या आणि पायाखालून गेलेली जमीन एवढेच आहे. तुम्ही पुन्हा त्याच पायऱ्यांवर उभे राहून चेंडू टाकता, म्हणून तो दोन पाय ओले करून तुमच्याकडे पाहतो.

बापू गायकवाड मार्ग
मला हे लाड पटत नाहीत. आमच्या कुत्र्याला पट्ट्याला लांब दोर बांधून पाण्यात ओढले, दोन-चार वेळा ओरडला, आज नदी पार करतो. एकदा आत गेला की भीती आपोआप जाते.

संपदा (पशुवैद्य)
बापूसाहेब, आपला कुत्रा पोहायला लागला याबद्दल आनंद आहे, पण रावपुराकरांना हवे आहे ते निराळे. त्यांना उत्साहाने वस्तू आणणारा कुत्रा हवा आहे. भीतीने पोहणारा प्राणी सर्वांत जवळचा काठ गाठतो, वस्तूचे त्याला भान राहत नाही. शिवाय घाबरलेला कुत्रा मागचा भाग बुडवून जवळजवळ उभा पोहतो आणि लवकर दमतो. दोर ओढला गेला तर मानेवर ताण येतो, आणि तो पायांत अडकला तर बुडण्याचाही धोका असतो.

बापू गायकवाड मार्ग
माझा अनुभव मी सांगितला. प्रत्येकाने आपापल्या कुत्र्याच्या स्वभावाप्रमाणे ठरवावे.

अलकापुरीतून शर्वरी
लॅब्राडोरचे केस फार गळतात म्हणून उन्हाळ्यात ते पूर्ण कापण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये. आतला दाट थर आणि वरचा राठ थर मिळून त्याचे ऊन आणि पाणी दोन्हींपासून रक्षण करतात. रोज विंचरणे पुरेसे आहे.

मांजलपूरची वसुधा
शर्वरीताईंचे म्हणणे खरे आहे, पण मी मूळ विषयाकडे येते, कारण रावपुराकरांना दिवाळीआधी काहीतरी हाती लागायला हवे.

सर्वप्रथम जागा बदला. ते तळे पूर्णपणे सोडून द्या. ओळखीच्या कोणाच्या शेतघराच्या पोहण्याच्या तलावाला रुंद, उथळ पायऱ्या असतील तर ती जागा उत्तम. प्लॅस्टिक अंथरलेले शेततळे मात्र टाळा, कारण त्याच्या गुळगुळीत उतारावर नखे धरत नाहीत आणि उत्तम पोहणारा कुत्राही बाहेर येऊ न शकल्याने दमून बुडू शकतो.

वस्तूही बदला. काठीचे टोक तोंडात घुसून घशाला इजा होते. चेंडू पकडताना जबडा मोठा उघडतो आणि दर वेळी पाणी पोटात जाते. फार पाणी गेले तर रक्तातले सोडियम कमी होऊन उलट्या, झोकांड्या आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो. तरंगणारी, कापडी किंवा मऊ रबराची लांबट डमी, म्हणजे कुत्र्याला आणायला शिकवण्यासाठी टाकायची वस्तू, घ्या. ती पांढरी किंवा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची असावी, म्हणजे पाण्यावर उठून दिसते. डमी नेहमी हाताशी ठेवू नका. मोती जमिनीवर तिच्यासाठी आतुर झाला पाहिजे, म्हणून थोड्याच फेका करा आणि तो आणखी मागत असतानाच ती उचलून ठेवा. पाण्यात शिरण्याची ओढ या अपुऱ्या राहिलेल्या खेळातून तयार होते.

त्यानंतर अंगणात लहान मुलांचा हवेचा हौद घोट्याएवढ्या पाण्याने भरा आणि डमी त्यात नुसती ठेवा, फेकू नका. तो सहज उचलू लागला की तलावाच्या पहिल्या पायरीवर या. जुने कपडे घालून तुम्ही स्वतः आत उतरा आणि डमी अशी टाका की ती आणताना त्याचे चारही पाय जमिनीला लागलेले राहतील. खरा अडथळा पाय सुटण्याच्या त्या अखेरच्या हातभर अंतराचा असतो. तिथे कितीही दिवस लागले तरी घाई करू नका, आणि अंतर वाढवताना एका वेळी वीतभरच वाढवा. पाठीवर मूठ असलेले कुत्र्याचे लाइफ जॅकेट या टप्प्यावर फार उपयोगी पडते, कारण त्याचा मागचा भाग वर राहतो आणि आडवे पोहणे म्हणजे काय हे त्याला शरीरानेच कळते. तो थांबला तर हुकूम पुन्हा पुन्हा देऊ नका. डमी स्वतः आणा आणि आदल्या सोप्या टप्प्यावर एक यशस्वी फेक करून त्या दिवशीचा खेळ संपवा.

मिलिंदभाऊंचा दुसरा कुत्रा मिळाला तर तोही चांगला, पण तो आत शिरायला मदत करतो. वस्तू आणून देणे मोतीला तुमच्याकडूनच शिकावे लागेल.

संपदा (पशुवैद्य)
वसुधाताईंच्या सांगण्यात थोडी भर घालते. खेळ संपला की साध्या पाण्याने अंग धुवा आणि कानांची पाळी उलटून आतला भाग मऊ कापडाने कोरडा करा. उंदरांच्या मुत्राने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तेव्हा त्याची लस दिली आहे का हे पाहा. हिरव्या-निळ्या साईसारखा थर आलेल्या पाण्यात कुत्र्याला कधीच उतरवू नये. गार पाण्यात फार पोहल्यावर शेपटी दुसऱ्या दिवशी लुळी पडून दुखते. ती विश्रांतीने बहुधा काही दिवसांत बरी होते, पण मला किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा.

रावपुराकर
सर्वांचे आभार. पादरा गावाजवळ एका नातेवाइकांच्या शेतघरी तलाव आहे, पायऱ्या रुंद आहेत, येत्या रविवारपासून तिथे जाऊ. दिवाळीचा आग्रह मी सोडतो. लसीचे कार्ड तपासले, लेप्टोची लस दिलेली आहे. एक शंका उरते. अंगणातल्या हौदातून डमी आणताना तो बाहेर पडताच ती खाली टाकतो आणि अंग झटकतो, मग तिला विसरून जातो. पुढे तलावावरही असेच होईल का?

मांजलपूरची वसुधा
होईल, म्हणून आत्ताच लक्ष द्या. काठावर दूर उभे राहू नका. पाण्याच्या अगदी कडेला थांबा आणि तो अंग झटकण्याआधीच डमी हातात घ्या. त्याने ती टाकलीच, तर रागावू नका आणि ती उचलूही नका. दोन पावले मागे जाऊन आनंदाने हाक मारा, म्हणजे पाठलागाच्या ओढीने तो ती पुन्हा तोंडात घेईल. तुमच्या हातात दिली की लगेच पुढची फेक करा. त्याच्यासाठी दुसरी फेक हेच खाऊपेक्षा मोठे बक्षीस आहे.