रानमेंढ्याच्या शिकारीसाठी बाणाचा फाळ कोणता निवडावा?

प्रश्न (लातूर):
मी येथे धनुर्विद्येचा सराव करतो, म्हणून कोलोरॅडोतील माझ्या पुतण्याने मला विचारले आहे की, परवाना मिळालेल्या बिगहॉर्न मेंढ्याच्या शिकारीसाठी स्थिर पात्यांचा फाळ घ्यावा की आदळल्यावर उघडणाऱ्या पात्यांचा. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (परभणी):
उंच कड्यांवर वारा जोराचा असतो आणि अंतरही बहुधा लांबचे मिळते, त्यामुळे उघडणाऱ्या पात्यांचा मोह होणे स्वाभाविक आहे. मिटलेली पाती वाऱ्याला कमी सापडतात आणि बाण जवळपास सरावाचे साधे टोक लावलेल्या बाणासारखाच जातो. परंतु पाती उघडण्यात बाणाची काही ऊर्जा खर्च होते आणि तिरप्या कोनातून बरगडीवर लागल्यास भेद उथळ राहू शकतो. म्हणून आखूड, तीन स्थिर पात्यांचा फाळ मला अधिक भरवशाचा वाटतो. धनुष्य मात्र त्याच फाळाचे बाण सोडून, ते सरळ जातील असे जुळवून घ्यावे.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर):
सहमत. कोलोरॅडोच्या नियमानुसार फाळाची रुंदी किमान ७/८ इंच असावी लागते आणि धारा पोलादी लागतात. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपण लक्ष्यफलकापुरतेच!)

लातूर:
आभारी आहे. फाळाचे वजन १०० ग्रेन (बाणाचे वजन मोजण्याचे लहान एकक) ठेवावे की १२५?

परभणी:
सध्याचा बाणाचा दांडा ज्या वजनाशी जुळलेला आहे तेच ठेवावे. पुढचे वजन वाढवले की दांडा सुटताना अधिक वाकतो आणि सगळी जुळणी पुन्हा करावी लागते.