घरच्या आमसुलांची पुडी 'फुकटात'? कुणाच्या जिवावर?

खळ्यातली: काल इथे एकीने लिहिलंय की मेमधल्या लग्नात प्रत्येक पाहुण्याला घरच्या आमसुलांची पुडी द्या, 'फुकटात काम होतं, कोकणची आठवणही राहते'. रात्रभर डोक्यात तेच. धाकट्या दिराच्या लग्नात मी हेच केलंय. ४०० पुड्या, पुडीत ५० ग्रॅम, म्हणजे २० किलो सुकी आमसुलं. रातांबे म्हणजे कोकमाची फळं, ती परसातली, पैसा लागला नाही, मान्य. पण ते फोडायला, बिया काढायला, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात घालायला कोण होतं? मी, सासूबाई आणि शेजारच्या काकी. आभाळ दाटलं की ताटावरून उठून खळ्यात धावायचं. नवरदेवाने एकदाही चटई उचलली नाही. मांडवात कौतुक झालं ते मुंबईच्या जाऊबाईंचं, कारण पुडीवरचा कागद त्यांनी छापून आणला होता.

दापोलीचा चाकरमानी: वहिनी, राग कळतो. पण मग वाटायचं काय? माझ्या बहिणीच्या लग्नात स्टीलच्या वाट्या दिल्या, कितीतरी हॉलवरच राहिल्या. खायची वस्तू निदान चुलीपर्यंत पोचते. आणि घरची माणसं एकत्र बसली की लग्नघर वाटतं.

खळ्यातली: एकत्र कोण बसलं ते वर लिहिलंय. तुम्ही किती वेळा बसलात?

वेंगुर्ल्याची सून: आम्ही काजू द्यायचे ठरवले. घरी बिया फोडायच्या तर सालीतल्या तेलाने कातडी भाजते, हे सल्ला देणारं कुणी सांगत नाही. हाताला राख चोळूनही नणंदेच्या बोटांना ऐन हळदीच्या दिवशी फोड होते. शेवटी गर कारखान्यातून आणले आणि घरी फक्त पुड्या बांधल्या. मी त्यालाही घरगुतीच म्हणते.

जुनं खोड: खळ्यातली, रसात बुडवून वाळवायची पुटं किती दिलीत? आमसुलाला रसाची सहा पुटं तरी हवीत. हल्ली एकदा मिठात घोळवतात आणि विकतात.

खळ्यातली: चार दिली. माझा मुद्दा पुटांचा नाही.

जुनं खोड: चार? मग पाहुण्यांना सोलकढीला रंग आला नसेल.

सावंतवाडीचो: रातांब्यांक आमच्याकडे भिरंडा म्हणतत. ऊन कडक आसला तर दोन पुटा पुरे. माझ्या आवशीन जन्मभर तसाच केल्यान, कोणाची आमटी बिघडली नाय.

जुनं खोड: दोन पुटांचं आमसूल पावसाळ्यात बुरशी धरतं. आमच्या डब्यातलं दोन-दोन वर्षं टिकलंय. आळस असेल तर आळस म्हणा, रीत म्हणू नका.

सावंतवाडीचो: माझ्या आवशीक आळशी म्हणा नकात! सहा पोरां वाढवून, भाताची लावणी करून ती ह्या सगळा करी.

वेंगुर्ल्याची सून: अहो, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी दोन्ही जिल्ह्यांच्या कोकमाला २०१६ साली एकत्रच भौगोलिक मानांकन मिळालंय. दोघांचंही खरं कोकम आहे, आता पुरे.

जुनं खोड: मानांकनाने पुटं कमी होत नाहीत. आईंबद्दल बोललो तो शब्द मागे घेतो. बाकी सगळं तसंच.

दापोलीचा चाकरमानी: बघा, आमसुलावरून माणसं आईपर्यंत पोचली. स्टीलच्या वाटीवरून कुणी एवढं भांडलं असतं का? म्हणून तरी भेट घरचीच द्यावी.

खळ्यातली: भांडताय ते तुम्ही खाल्लेल्या आमसुलांवरून, वाळवलेल्या नाही. सावंतवाडीकरांनी निदान आईचे कष्ट सांगितले.

दापोलीचा चाकरमानी: बरं, हे लागलं. मी कधी वाळवली नाहीत. आमच्या आत्याकडे मी मेमध्ये जायचो ते आंबे खायला. ती काय वाळवत होती, किती दिवस, ते कधी विचारलं नाही. पण घरी करूच नका, हे मला अजून पटत नाही.

खळ्यातली: करू नका असं मी म्हटलेलंच नाही. आता पुतणीचं लग्न आहे. नवरामुलगा आणि त्याचे मित्र पुरेसे दिवस आधी येऊन चटया उचलणार असतील तर मी रातांबे फोडायला बसते, हवी तर सहा पुटंही देते. नाहीतर जत्रेतल्या खाजेवाल्याला ऑर्डर द्या. घरात तसं स्पष्ट सांगितलंय, परवा सासूबाईही माझ्या बाजूने बोलल्या.