'सेलिब्रिटी'ला मराठीत काय म्हणावे? प्रसिद्ध, नामांकित, हस्ती की वलयांकित?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सध्या रोज रात्री जेवणानंतर एका इंग्रजी कादंबरीचे वाचन चालू आहे. कादंबरी आजची, प्रेमाची आणि हलकीफुलकी आहे. एक लोकप्रिय चित्रपट-अभिनेता आणि त्या जगाशी काडीचाही संबंध नसलेली एक मुलगी यांची ती गोष्ट. भाची वाचते आणि सासूबाईंसाठी मी मराठीत सांगत जाते. पहिल्याच प्रकरणात 'सेलिब्रिटी' हा शब्द आला. मी 'प्रसिद्ध माणूस' असे सांगितले, तेव्हा सासूबाईंनी विचारले, "कशाबद्दल प्रसिद्ध?"

त्या प्रश्नाने मला थांबवले, कारण 'प्रसिद्ध' या शब्दाला मराठीत 'कशाबद्दल' किंवा 'कशासाठी' हे लागतेच. बडोदे लिलो चेवडोसाठी प्रसिद्ध असते, एखादे शास्त्रीबुवा विद्वत्तेसाठी. शिवाय आपल्याकडे पुस्तकही 'प्रसिद्ध' होते, म्हणजे छापून लोकांपुढे येते. 'कीर्ती' कर्तृत्वाच्या मागून येते. 'ख्याती' या शब्दात 'ख्या', म्हणजे सांगणे, हा धातू आहे, म्हणून ज्याच्याविषयी लोक सांगतात तो ख्यातनाम. 'नामांकित' हे विशेषण आपण वकिलाला, शाळेला, पेढीला लावतो आणि त्यात भरवशाची शिफारस असते. कादंबरीतल्या नायकाचे दुःख यांपैकी कशातच मावत नाही. त्याने काय केले यापेक्षा त्याने काय खाल्ले, कोणाबरोबर खाल्ले आणि बिल कोणी दिले हे लोकांना ठाऊक असते, आणि तेच त्याच्या प्रेमाच्या आड येते.

म्हणून मला 'वलयांकित' हा शब्द जवळचा वाटतो. वर्तमानपत्रांत तो सर्रास वाचायला मिळतो आणि त्याची घडण 'मुद्रांकित', 'तारांकित' यांसारखीच आहे. मात्र मला त्यातले 'अंकित' अधिक महत्त्वाचे वाटते. मराठीत 'अंकित' म्हणजे खूण केलेला एवढेच नाही. कोणाच्या तरी ताब्यात असलेला, आज्ञेतला, असाही त्याचा अर्थ आहे, आणि आपण 'अमका तमक्याच्या अंकित आहे' असे म्हणतो. त्या अर्थाने पाहिले तर वलयांकित म्हणजे ज्याच्याभोवती वलय आहे तो, तसाच जो त्या वलयाच्या अंकित झाला आहे तोही. शब्द घडवणाऱ्याच्या मनात हा दुसरा अर्थ असेलच असे नाही. कथेला मात्र तो नेमका लागू पडतो. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद

आपला 'अंकित'चा विचार आवडला. तरीही एक अडचण मांडतो. 'वलयांकित' हे विशेषण आहे आणि ते लिहिण्यात शोभते. 'काल बाजारात एक वलयांकित दिसला' असे कोणी बोलणार नाही. नाम हवे असेल तर 'हस्ती'चा विचार करावा. आपल्या बडोद्यात गुजरातीच्या शेजारामुळे 'जाणीती हस्ती' कानावर पडतच असते, आणि मराठीतही 'बडी हस्ती' रुळलेले आहे. (संस्कृतातला हत्तीवाचक 'हस्ती' वेगळा, हा शब्द फारसी आहे.) गंमतीची गोष्ट अशी की फारसीत 'हस्ती' म्हणजे अस्तित्व, असणे. भाववाचक नाम पुढे माणसाला लागले. इंग्रजीतही 'सेलिब्रिटी' हा शब्द आधी प्रसिद्धीच्या अवस्थेसाठी होता, माणसासाठी तो नंतर वापरात आला. आणि आपला 'व्यक्ती' हा शब्द पाहा: मूळ अर्थ व्यक्त होणे, प्रकट होणे. म्हणूनच पुरुषाबद्दल बोलतानाही आपण 'ती व्यक्ती' म्हणतो.

बडोद्याने असे काम पूर्वी मोठ्या प्रमाणावर केलेले आहे, याचीही आठवण द्यावीशी वाटते. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ मध्ये, 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश निघाला आणि त्यात आठ भाषांतले शब्द शेजारी शेजारी मांडलेले आहेत. शेजारच्या भाषेत काय म्हणतात हे पाहून मगच आपला शब्द ठरवावा, ही रीत मला अजूनही योग्य वाटते. प्रेमकथेचे शब्दही त्या रीतीने पारखायला हरकत नाही.

जाता जाता एक प्रश्न: या प्रकारच्या कादंबरीला आपण काय म्हणता? 'प्रणयविनोदी' तर नव्हे ना?

धागाकर्तीचे उत्तर

'व्यक्ती'चे उदाहरण फार मोलाचे आहे, आभार. 'हस्ती'बद्दल मात्र माझे मन पुरते वळत नाही, कारण हस्तीला वजन असते, दरारा असतो, आणि आमचा नायक पंचविशीतला, पावसात भिजून शिंकणारा आहे. त्याला हस्ती म्हटले की तो एकदम साठीचा होतो. निवेदनात 'वलयांकित' आणि पात्रांच्या तोंडी 'सेलिब्रिटी' असे मी ठरवले आहे. तेवढे 'सेलिब्रिटीज' हे अनेकवचन मी टाळणार आहे. 'अनेक सेलिब्रिटी' पुरेसे आहे.

'प्रणयविनोदी' मलाही नको. मराठीत 'प्रणय' आता बराचसा शरीराकडे झुकला आहे, 'प्रणयदृश्य' म्हटले की वडीलधाऱ्यांपुढे वाचायला संकोच वाटतो. आणि यात विनोद असला तरी गाभा तो नाही. गैरसमज होतात, ताटातूट होते आणि शेवटी दोघे एकत्र येतात. त्यासाठी समीक्षेतला 'सुखात्मिका' हा शब्द चांगला आहे, म्हणून मी 'प्रेमाची सुखात्मिका' म्हणते. 'प्रणय' आणि 'परिणय' या दोन्ही शब्दांत 'नी', म्हणजे नेणे, हा एकच धातू आहे आणि गुजरातीतले 'परणवुं' या परिणयातूनच आले, हे भाचीला सांगितले तेव्हा तिने ते वहीत लिहून घेतले.

आता नवी अडचण. पुढच्या प्रकरणात दोघे वार्ताहरांसाठी प्रेमाचे सोंग करायचे ठरवतात. 'खोटे प्रेम' म्हटले तर फसवणूक वाटते, म्हणून मी 'लटका राग'च्या धर्तीवर 'लटके प्रेम' म्हटले. लटक्या रागात खालून माया असते, आणि इथेही तेच आहे. भाचीला मात्र 'लटके' ऐकून गुजरातीतला 'लटको', म्हणजे नखरा, आठवला आणि तिने नायिकेला नखरेल ठरवून टाकले. सासूबाईंना शब्द लगेच पटला. बडोद्याबाहेरच्या वाचकांना 'लटके प्रेम' कसे वाटते?