मॅसी १०३५ की एचएमटी ३५११? जुना ट्रॅक्टर घ्यायचाय, मत द्या

काळीमाती: सात एकर रान. निम्म्यात ऊस, निम्म्यात सोयाबीन-हरभरा. नव्याचा हप्ता झेपणार नाही. नजरेत दोन आहेत, दोन्ही नव्वदच्या दशकातले, किंमत जवळपास सारखीच. माझा जीव एचएमटीवर, घरचे म्हणतात मॅसी. बोला.

बांधावरचा: एचएमटीच. हरियाणातल्या पिंजोरच्या कारखान्यात १९७१ पासून झेटर या चेक कंपनीच्या तंत्रावर बनत होता. प्रत्येक सिलिंडरला हेड, म्हणजे वरचं झाकण, वेगळं, त्यामुळे त्याखालचं गॅस्केट (सील) गेलं तर तेवढंच हेड उतरवायचं. लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) वेट, सुटी निघणारी, म्हणजे इंजिन काम आलं तर लायनर-पिस्टनचा सेट गावातच बदलतो, ब्लॉक बोअरिंगला न्यावा लागत नाही. उसाची भरलेली ट्रॉली ओल्या सरीतून काढायची वेळ आली की कळेल. मॅसी तिथे पुढून उचलतो.

तेलकटहात: माझं गॅरेज आहे म्हणून सांगतो. इंजिनाबद्दल वाद नाही. पण एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायला केंद्राने २०१६ मध्येच मंजुरी दिली, मग कंपनीचा पार्ट आणणार कुठून? लोकल माल मिळतो, पण एक बसतो तर दुसरा घासून बसवावा लागतो. मॅसीचं सामान तालुक्याला कुठल्याही दुकानात आहे. ऐन पेरणीत क्लच प्लेटची वाट बघत बसलात तर वाफसा थांबणार आहे का तुमच्यासाठी?

बांधावरचा: पार्टचं रडगाणं दर वेळचंच. लुधियानाचा माल लावून लोक अजून चालवतायत. मॅसीच्या लिफ्टबद्दल, मागे नांगर उचलणाऱ्या हायड्रॉलिकबद्दल, मात्र मिस्त्री गप्प! पंप पोटात, तेलात बुडालेला. बिघडला की वरचं अख्खं कव्हर उतरवा. जुना सिंगल क्लचवाला असेल तर क्लच दाबला की पीटीओबरोबर (मागची अवजारं फिरवणारा शाफ्ट) पंपही थांबतो. बांधाशी वळताना नांगर अर्ध्यात लटकलेला.

तेलकटहात: लटकतो, मान्य. पण मॅसीचं नाव झालं ते त्याच लिफ्टवर. हॅरी फर्ग्युसनचा ड्राफ्ट कंट्रोल आहे तो. जमीन जड लागली की लिफ्ट नांगर किंचित उचलते आणि भार मागच्या चाकांवर येतो. म्हणून साधारण १७०० किलोचा ट्रॅक्टर नांगरटीत टिकतो.

बांधावरचा: एचएमटीच्या लिफ्टमध्ये, झेटरमॅटिकमध्येही ड्राफ्ट कंट्रोल आहे हो. काय जगावेगळं सांगताय?

वऱ्हाडी: तुमचं चालू द्या. काळीमाती भाऊ, तुम्ही आधी कागद बघा. १५ वर्षांनंतर रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण केलंय का, बँकेचा बोजा उतरलाय का, चेसिस नंबर आरसीशी जुळतो का. परराज्यातला असेल तर एनओसी. कागद नसतील तर फुकट दिला तरी नको. मग सकाळी थंड इंजिनावर सेल्फ मारायला लावा, इंजिनाची खरी हालत तेव्हाच कळते. चालू झाल्यावर ब्रीदर (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी नळी) बघा, धूर फेकत असेल तर इंजिनाचा खर्च किमतीतून वजा करा. लिफ्टवर नांगर उचलून इंजिन बंद करा. भरभर खाली आला तर लिफ्टचंही काम आहे. रंगावर जाऊ नका, विकायच्या आधी सगळेच रंग मारतात.

काळीमाती: आत्ताच दोघांना फोन केला. मॅसीवाला म्हणाला कधीही या, पण आरसी वडिलांच्या नावावर आहे आणि वडील वारलेत. एचएमटीचे कागद चोख. सकाळी सहाला येतो म्हटलं, तर म्हणतो नऊनंतर या.

तेलकटहात: नऊपर्यंत तापवून ठेवणार तो!

बांधावरचा: न सांगता सहालाच जाऊन उभे राहा. माझं मत एचएमटीच.